कुत्र्याचा पुढचा पाय: काखेतले मज्जातंतू आणि कोपराखालची शीर

मेहकरहून खामगावकडे निघालं की वाटेत जानेफळ लागतं. बुलडाणा जिल्ह्यातल्या अशा कुठल्याही रस्त्यावरच्या गावात एक दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मोटारसायकलचा धक्का बसलेलं कुत्रं केकाटत बाजूला होतं, काही वेळाने उठतं आणि पुढचा एक पाय ओढत चालायला लागतं. पंजा उलटा पडलेला असतो, नखांची वरची बाजू डांबरावर घासत जाते. बघणारा म्हणतो, "पाय मोडला त्याचा." मग कोणीतरी बांबूच्या कामट्या आणतं, जुन्या धोतराची पट्टी फाडतं आणि पाय करकचून बांधतं. या धडपडीमागे माया असते, यात शंका नाही. पण पुष्कळदा त्या पायातलं एकही हाड मोडलेलं नसतं. हाडं शाबूत, सांधे शाबूत, कातडी फार तर खरचटलेली, आणि तरी पाय निकामी. बिघाड झालेला असतो काखेत, आणि काखेकडे कोणाचीच नजर जात नाही. वरून ती घट्ट पट्टी पायात जे काही धड उरलं असेल तेही घालवते.

असं का होतं, हे कळायला कुत्र्याचा पुढचा पाय धडाला जोडलेला कसा असतो ते आधी पाहावं लागेल. माणसाचा हात धडाला हासळीच्या हाडाने सांधलेला आहे. गळ्याखाली बोट आडवं फिरवलं की हे हाड हाताला लागतं. कुत्र्यात हासळी नावापुरती उरली आहे, खांद्याजवळच्या स्नायूत रुतलेला एक इवलासा तुकडा. मागच्या पायाचं तसं नाही. तिथे मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोबणीत बसतो आणि कमर पाठीच्या कण्याला पक्की जोडलेली असते. पुढच्या पायाला मात्र धडाशी हाडाचा सांधाच नाही. खांद्याचं पसरट हाड बरगड्यांवर टेकलेलं असतं आणि त्याला धरून ठेवतात ते फक्त स्नायू. बरगड्यांपासून आणि मानेच्या मणक्यांपासून निघालेला एक रुंद स्नायू खांद्याच्या हाडाच्या आतल्या अंगाला वर चिकटतो. दोन्ही बाजूंच्या या स्नायूंत कुत्र्याचं धड झोळीसारखं टांगलेलं असतं. उभ्या कुत्र्याचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर येतं, आणि ते सगळं वजन हे स्नायू पेलतात.

या रचनेचा फायदा मोठा आहे. बांधावरून उडी मारली की जमिनीचा हादरा हाडातून थेट कण्याला जात नाही, स्नायूंत जिरतो. धावताना खांद्याचं हाड बरगड्यांवरून पुढेमागे सरकतं, त्यामुळे ढांग लांब पडते. पश्चिम महाराष्ट्रात ससे धरण्यासाठी पाळली जाणारी कारवान जातीची कुत्री पळताना बघितली की हे डोळ्यांना दिसतं. पण याच रचनेची किंमतही आहे. पाय आणि धड यांच्यामध्ये, काखेच्या पोकळीत, ताण अडवणारं काहीच कठीण नाही. पाय जोराने बाहेर किंवा मागे ओढला गेला तर स्नायू ताणले जातात, रक्तवाहिन्याही बऱ्याच ताणल्या जातात, मज्जातंतू मात्र तितके ताणले जात नाहीत. ते तुटतात.

कुत्र्याच्या मानेत आपल्यासारखेच सात मणके असतात, पण तिथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या आठ. त्यांपैकी सहावी, सातवी, आठवी आणि त्यांच्या पाठोपाठ छातीची पहिली, अशा चार जोड्यांच्या शाखा पुढच्या पायाकडे वळतात. काही कुत्र्यांत मानेची पाचवी किंवा छातीची दुसरीही थोडी भर घालते. या शाखा काखेत एकत्र येतात, एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा वेगळ्या होतात. पशुवैद्य या जाळ्याला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. मिसळण्यात शहाणपण आहे. पायाच्या बहुतेक मज्जातंतूंत दोन-तीन मुळांचे धागे असतात, म्हणून एखादं मूळ दुखावलं तर स्नायू अशक्त होतो, पण सहसा पुरता लुळा पडत नाही. पाय पुरता लुळा पडला आहे, याचा अर्थ इजा एका मुळापुरती थांबलेली नाही.

आता ही इजा नेमकी कुठे होते ते पाहू. प्रत्येक मज्जातंतू पाठीच्या मज्जारज्जूतून दोन मुळांनी निघतो. वरच्या मुळातून जाणीव आत येते, खालच्या मुळातून हालचालीचा हुकूम बाहेर जातो. पुढे हे दोन्ही एकत्र आले की मज्जातंतूभोवती चिवट आवरण चढतं. मुळांपाशी मात्र ते आवरण नसतं. त्यामुळे पायाला हिसका बसला की काखेतला जाड मज्जातंतू टिकतो आणि मुळं मज्जारज्जूपासून उपटून निघतात. त्यातही हालचालीची मुळं आधी तुटतात. म्हणूनच काही कुत्र्यांना पाय हलवता येत नाही, पण बोट चिमटीत दाबलं की दुखतं. दुखतंय म्हणजे जाणिवेचं मूळ अजून जागेवर आहे.

मुळं उपटली आहेत की नाही हे बाहेरून कळण्याची एक खूण पायात नाही, डोळ्यात आहे. डोळ्याची बाहुली मोठी करणारे, पापणी वर धरणारे धागे मेंदूतून निघून मानेतल्या मज्जारज्जूतून खाली उतरतात, छातीच्या पहिल्या दोन-तीन मुळांतून बाहेर पडतात आणि मानेच्या कडेने पुन्हा वर डोळ्याकडे जातात. इतका लांबचा वळसा. छातीचं पहिलं मूळ उपटलं गेलं की हा वळसा तिथेच तुटतो. मग लुळ्या पायाच्या बाजूचा डोळा बदलतो. बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान होते, पापणी उतरते, डोळा किंचित आत गेल्यासारखा वाटतो आणि नाकाकडच्या कोपऱ्यातली तिसरी पापणी पुढे सरकते. योहान फ्रीडरिख हॉर्नर या स्विस नेत्रतज्ज्ञाने 1869 मध्ये माणसातल्या अशा लक्षणांचं वर्णन केलं, म्हणून त्याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. अपघातात सापडलेल्या कुत्र्याचा पाय लोळतो आहे आणि त्याच बाजूची बाहुली बारीक झाली आहे, हे एकत्र दिसलं तर इजा थेट मज्जारज्जूपाशी आहे असं समजावं. बाहुली थोडी सावलीत पाहिली तर फरक चांगला कळतो, कारण अंधारात चांगली बाहुली मोठी होते आणि आजारी तशीच राहते.

दुसरी खूण पाठीवर आहे. पाठीवर माशी बसली की कुत्र्याची, बैलाची कातडी तिथल्या तिथे थरथरते, हे गोठा पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कातडीखालचा जो पातळ स्नायू ही थरथर करतो, त्याला हुकूम देणारा मज्जातंतूही काखेतल्या याच जाळ्यातून, मानेच्या आठव्या आणि छातीच्या पहिल्या मुळातून निघतो. पाठीच्या कडेला हळूच टोचलं की एरवी दोन्ही बाजूंची कातडी हलते. जाळं तुटलेल्या बाजूची हलत नाही, मग टोचणी उजवीकडे असो वा डावीकडे. मागची शेपटी, मागचे पाय सगळं ठणठणीत असताना पाठीच्या एका बाजूची कातडी गप्प राहते. मला या दोन खुणा शरीररचनेतल्या अत्यंत सुंदर गोष्टी वाटतात. यंत्र नाही, एक्स-रे नाही, आणि तरी मणक्याच्या आत काय तुटलं हे कळतं.

जाळ्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंत पायाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा रेडियल. कोपर ताठ करणारा, मनगट आणि बोटं पुढे उचलणारा प्रत्येक स्नायू याच्या हुकमात आहे. पंजाच्या वरच्या बाजूची जाणीवही हाच नेतो. उभं राहायचं तर कोपर ताठ राहिलं पाहिजे, आणि पाऊल टाकायचं तर पंजा वर उचलला गेला पाहिजे. दोन्ही कामं एकाच मज्जातंतूकडे असल्याने तो गेला की पाय गेला. त्याची वाटही धोक्याची आहे. काखेतून निघून तो दंडाच्या मागच्या जाड स्नायूत शिरतो, दंडाच्या हाडाला वळसा घालत आतून बाहेर येतो आणि कोपराच्या वर, बाहेरच्या अंगाला, दोन शाखांत फुटतो. हाडाच्या इतक्या लगतून जात असल्यामुळे दंडाचं हाड मधोमध किंवा कोपराच्या वर मोडलं तर मोडलेल्या टोकाने तो दाबला किंवा कापला जाऊ शकतो. इजा वर असेल तर कोपर खाली लोंबतं आणि पायावर भारच घेता येत नाही. इजा कोपराजवळ असेल तर कोपर ताठ राहतं, फक्त पंजा उलटा पडतो. अशी कुत्री हळूहळू पंजा झटक्याने पुढे फेकून सरळ टेकवायला शिकतात, आणि चालतातही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. कोपर दुमडणारा मज्जातंतू दंडाच्या पुढच्या बाजूला असतो आणि कोपराखालच्या पायाच्या आतल्या कातडीची जाणीव नेतो. मीडियन आणि अल्नर हे दोघे मनगट आणि बोटं मागे दुमडतात. ते एकटे दुखावले तर चालीत फारसा फरक दिसत नाही. अल्नर कोपराच्या मागच्या उंचवट्यावरून जातो, आणि आपलं कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिण जाते ती माणसातल्या याच मज्जातंतूची. एक मज्जातंतू खांद्याच्या हाडाच्या पुढच्या कडेवरून वळतो. तो मेला की खांद्यावरचा स्नायू काही आठवड्यांत झडतो आणि हाडाचा मधला कणा वर उठून दिसतो.

आता रक्ताकडे वळू, कारण ती घट्ट पट्टी अजून पायावर आहे.

हृदयातून आलेली मोठी रोहिणी पहिल्या बरगडीच्या कडेवरून वळून काखेत उतरते आणि मज्जातंतूंच्या जाळ्याच्या सोबतीने पायात शिरते. दंडाच्या आतल्या अंगाने, हाडाच्या लगत, ती कोपराच्या पुढच्या बाजूला येते. हडकुळ्या कुत्र्यात कोपराच्या थोडं वर, आतल्या बाजूला बोटं टेकली तर तिचा ठोका लागतो. कोपराखाली ती स्नायूंच्या आड खोल जाते, मीडियन मज्जातंतूसोबत मनगटाच्या मागच्या अरुंद बोगद्यातून पार होते आणि तळव्यात कमान करून बोटाबोटाला फांद्या देते. मांजराच्या दंडाच्या हाडाला कोपरापाशी एक भोक असतं आणि ही रोहिणी तिच्या सोबतच्या मज्जातंतूसह त्या भोकातून जाते. कुत्र्याच्या हाडालाही त्याच सुमारास भोक असतं, पण जरा वेगळ्या जागी, आणि त्यातून काहीच जात नाही. दोन्ही प्राण्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्याला हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

रोहिण्या खोल, आतल्या बाजूला आणि जाड भिंतीच्या. त्यांतला रक्ताचा दाब साधारण 100 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. परतीच्या शिरा मात्र पातळ, पुष्कळशा कातडीखालीच, आणि त्यांतला दाब रोहिणीच्या एक दशांशाहूनही कमी. घट्ट पट्टी बांधली की काय होतं, ते या दोन आकड्यांतच आलं. पट्टीने आधी शिरा बंद पडतात. रोहिणी चालूच असते. म्हणजे रक्त पंजात येत राहतं, पण परत जाऊ शकत नाही. पंजा सुजतो, सुजेने पट्टी अधिकच आवळते, आणि शेवटी रोहिणीही दबते. तोवर पंजा थंड आणि निळसर पडलेला असतो. त्यात मज्जातंतू आधीच मेलेले असतील तर कुत्र्याला दुखतच नाही, ते पट्टी चावून काढत नाही, कण्हत नाही. मालकाला वाटतं, आराम पडला. दोन-तीन दिवसांनी वास येतो तेव्हा पंजा सडलेला असतो.

हेच पिलांच्या बाबतीत काळ्या दोऱ्याने घडतं. नजर लागू नये म्हणून कोवळ्या पिलाच्या पायात दोरा बांधतात. पिलू महिन्याभरात दुप्पट होतं, दोरा तेवढाच राहतो. केसांत तो दिसत नाही आणि कातडीत रुतत जातो. शेतात रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात कुत्र्याचा पुढचा पाय अडकला तर दोन्ही इजा एकदम होतात. तार रक्त अडवते आणि सुटण्यासाठी दिलेले हिसके काखेतलं जाळं तोडतात. असे फास लावणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो रानडुकरांइतकाच आपल्या राखणीच्या कुत्र्यांसाठीही योग्य कायदा आहे. पुढच्या पायाला हिसका देण्याचं आणखी एक कारण घराघरांत घडतं. लहान मुलं पिलाला एका पुढच्या पायाला धरून उचलतात. वर हाडाचा आधार नाही, सगळं वजन काखेवर येतं. पिलाला उचलायचं तर एक हात छातीखाली आणि एक ढुंगणाखाली, हे मुलांना एकदा दाखवून द्यावं.

या पायातल्या एका शिरेवर मात्र मला जास्त लिहायचं आहे, कारण आजारी कुत्र्याच्या जीवनमरणाचा प्रश्न बहुतेक वेळा तिच्याशी येऊन ठेपतो. ती सेफॅलिक शीर. पंजातून निघून ती कोपराखालच्या पायाच्या पुढच्या बाजूला येते आणि कातडीच्या अगदी खालून सरळ वर चढते. कोपराच्या खोबणीत तिचा एक फाटा आत खोल शिरेला मिळतो, आणि ती स्वतः दंडाच्या बाहेरून वर जाऊन मानेतल्या मोठ्या शिरेत रिकामी होते. म्हणजे इथे सोडलेलं औषध काही क्षणांत हृदयात पोचतं. जागा सोयीची, हाताशी येणारी आणि दात असलेल्या तोंडापासून जरा दूर. पशुवैद्याने कुत्र्याचं रक्त काढलं, सलाईन लावलं, भूल दिली, तर ते बहुतेकदा इथेच.

पद्धत साधी दिसते, पण तिच्यात मदतनिसाचा अंगठा महत्त्वाचा. तो कुत्र्याच्या बाजूला उभा राहून एका हाताने मान आपल्या अंगाशी धरतो, दुसऱ्या हाताने कोपर मागून पुढे ढकलतो आणि अंगठा कोपराच्या खोबणीत दाबून किंचित बाहेर वळवतो. वरची वाट बंद झाल्याने शीर फुगते, आणि अंगठ्याच्या वळण्याने ती सरकत नाही. कुत्र्याची कातडी सैल असते, न धरलेली शीर सुईपुढून बाजूला पळते. केस कापून स्पिरिट लावलं की ती दिसतेही. सुईत रक्त आलं की अंगठा सैल करायचा, आणि मगच औषध सोडायचं. शिरेत जागोजागी झडपा असतात, रक्ताला फक्त वर जाऊ देणाऱ्या. विल्यम हार्वे यांनी 1628 च्या आपल्या ग्रंथात माणसाच्या कोपराखालच्या शिरा दाबून हेच दाखवलं आणि रक्त शरीरात फिरतं हे सिद्ध केलं. तोवर शतकानुशतकं वैद्य मानत आले होते की रक्त यकृतात तयार होतं आणि अवयवांत मुरतं. कुत्र्याच्या पायाशी अंगठा दाबून बसलेला मदतनीस तोच पुरावा दरवेळी नव्याने देत असतो.

या शिरेच्या दोन्ही बाजूंनी, अगदी लगत, रेडियल मज्जातंतूच्या कातडीकडे जाणाऱ्या दोन बारीक शाखा आणि एक छोटी रोहिणी जाते. म्हणून इथे औषध बाहेर सांडणं महागात पडतं. गावातल्या कुत्र्यांत जननेंद्रियांवर होणारी, मिलनातून पसरणारी गाठ आपल्याकडे पुष्कळ दिसते. रक्त ठिपकत हिंडणारी अशी कुत्री कोणत्याही गावात आढळतात. या गाठीवर व्हिंक्रिस्टीन नावाचं औषध फार चांगलं चालतं, आठवड्यातून एकदा, काही आठवडे, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. पण ते शिरेतच जायला हवं. थोडं बाहेर गेलं तरी कातडी आणि खालचं मांस मरतं आणि पायाला खोल जखम होते. ते इंजेक्शन जाणकाराकडूनच घ्यावं, मेडिकलमधून आणून कोणाकडून तरी टोचवू नये.

सोयाबीन, तुरीच्या राखणीला रात्री शेतावर राहणाऱ्या कुत्र्यांना घोणस किंवा नाग चावतो तो बहुतेकदा तोंडाला किंवा पुढच्या पायाला, कारण हुंगायला तेच पुढे असतात. तेव्हाही वाचवणारं प्रतिविष शिरेतूनच द्यावं लागतं. आपल्याकडे माणसांसाठी बनणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालतं, आणि तेच कुत्र्यांनाही देतात. चावलेल्या पायावर आवळपट्टी बांधू नये. घोणसीच्या विषाने आधीच सुजणाऱ्या पायाचं रक्त अडवलं तर पाय जाण्याची भीती असते. आणि पार्वो या विषाणूच्या आजारात उलट्याजुलाबांनी वाळलेलं पिलू दवाखान्यात उशिरा नेलं तर ही शीर इतकी चपटी झालेली असते की सापडत नाही. मग डॉक्टरांना मानेतली शीर शोधावी लागते, किंवा हाडाच्या पोकळीतून सलाईन द्यावं लागतं.

पंजाबद्दलही दोन शब्द. नखाच्या आत जिवंत गाभा असतो, त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्यात दिसत नाही. नख जास्त कापलं तर रक्त येतं. फिटकरीची पूड दाबून धरली की थांबतं. गावाकडे वीसनखी कुत्र्याला भाव असतो. साधारण कुत्र्याला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार अशी अठरा नखं. पुढचं आतलं पाचवं नख जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही, गोल वाढून कातडीत घुसतं. तेही तपासत जावं. तळव्याच्या गाद्यांत रोहिण्या आणि शिरा एकमेकींना चिकटून जातात. जपानमधल्या हिरोयोशी निनोमिया आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की रोहिणीतलं गरम रक्त शेजारच्या शिरेतल्या थंड रक्ताला ऊब देतं, त्यामुळे कुत्र्याचे पाय बर्फावर गोठत नाहीत. मे महिन्यातल्या आपल्या डांबरी रस्त्यावर मात्र या रचनेचा उपयोग नाही. दुपारच्या डांबरावर गाद्या भाजतात. आपला तळहात जिथे काही क्षण टेकवता येत नाही तिथे कुत्र्याला चालवू नये.

आता पाय ओढणाऱ्या त्या कुत्र्यापाशी परत येऊ. दुखावलेलं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून आधी मऊ कापडाच्या पट्टीने तोंड सैलसर बांधावं. ते धापा टाकत असेल तर बांधू नये. अपघात कोणी पाहिलेला नाही, कुत्रं लाळ गाळतंय, जबडा लोंबतोय, वागणं विचित्र आहे, तर हात लावू नये. तो पिसाळण्याचा आजार असू शकतो. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. मग पाय पाहावा. हाड मोडलं असेल तर तिथे सूज येते, हात लावला की कुत्रं कळवळतं, पाय भलत्या जागी वाकतो. मज्जातंतूची इजा असेल तर पाय मोकळेपणी हलतो, दुखत नाही, नुसता लोंबतो. दोन्ही एकत्रही असू शकतं, त्यामुळे एक्स-रे लागतो. नंतर पंजाच्या वरच्या बाजूचं बोट चिमटीत जोरात दाबावं. पाय मागे घेतला म्हणजे पुरेसं नाही. कुत्र्याने वळून पाहिलं, कुईं केलं, तरच जाणीव मेंदूपर्यंत पोचली. डोळ्यांच्या बाहुल्या पाहाव्यात. माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नये. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंड बिघडवतात.

मेहकर तालुक्यात पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. अवघड केस अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेकडे नेता येते. ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची घटक संस्था आहे. फोन करताना तीन गोष्टी सांगाव्यात. अपघात कधी झाला, बोट दाबल्यावर जाणीव आहे का, आणि बाहुल्या सारख्या आहेत का. डॉक्टरांचा अर्धा अंदाज फोनवरच बांधला जाईल.

पुढे काय, हा प्रश्न इजेच्या जागेवर ठरतो. मज्जातंतूला नुसता दाब किंवा धक्का बसला असेल तर काही आठवड्यांत पाय परत येतो. धागे तुटले पण आवरण शाबूत असेल तर ते पुन्हा वाढतात, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला एक इंचाहून थोडं जास्त. काखेपासून पंजापर्यंतचं अंतर पाहता धीर हवा. तोवर सांधे आखडू नयेत म्हणून रोज हाताने हलवावेत, आणि घासून जखम होऊ नये म्हणून पंजाला मऊ, सैल, रोज काढून पाहता येईल असा मोजा घालावा. पण मुळं मज्जारज्जूपासून उपटली असतील, बोट दाबल्यावर काहीच कळत नसेल आणि बाहुली बारीक झाली असेल, तर तो पाय परत येण्याची आशा फार थोडी आहे. निर्जीव पाय ओढत राहिला की हाडापर्यंत जखम होते, किडे पडतात. काही कुत्री झिणझिणणारा पंजा स्वतःच चावून खातात.

अशा वेळी पाय काढण्याचा सल्ला दिला की मालक नाही म्हणतात. अपंग करून काय करायचं, असं त्यांना वाटतं. कुत्र्याच्या बाबतीत हा विचार चुकीचा आहे. उरलेल्या तीन पायांवर तोल कसा सांभाळायचा हे कुत्रं साधारण महिन्याभरात शिकतं, धावतं, बांध ओलांडतं, शेतावर राखणही करतं. सडत ओढला जाणारा पाय ठेवून वेदनेत जगवण्यापेक्षा तो काढून टाकणं अधिक दयेचं आहे. डॉक्टरांनी ती वेळ आल्याचं सांगितलं तर उशीर करू नका.